हरिपाठ, विपश्यना आणि रोझरी: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बँकेतून निवृत्त झाले आणि भिशीतल्या मैत्रिणी, भाचे-पुतणे, सोसायटीतल्या काकू अशा सगळ्यांना माझ्या साधनेत अचानक रस वाटायला लागला. प्रश्न तेच तेच असतात. फोनवर दर वेळी काहीतरी वेगळंच सांगितलं जातं, म्हणून एकदा बसून नीट लिहून काढलं. मी कुणाची शिष्या नाही आणि कुणाची गुरू तर नाहीच. जे स्वतः केलंय तेवढ्यावरच लिहिलंय.

तुम्ही नेमकं काय काय केलंय?

आजी लोणंदची. माउलींची पालखी गावात मुक्कामाला, त्यामुळे घरात माळकरी होतेच. संध्याकाळी दिवा लागला की हरिपाठ, आणि त्यात आम्हा मुलांचा उपयोग टाळ वाजवण्यापुरता. बरीच वर्षं तो आवाज नुसता अंगात मुरत राहिला, कळत काही नव्हतं.

त्रेचाळिसाव्या वर्षी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. त्यानंतर सहा वर्षांनी वसईच्या एका मैत्रिणीमुळे जेझुइट (कॅथलिक चर्चमधला एक साधूसंघ) फादरांकडे आठ दिवसांचं मौनातलं रिट्रीट, म्हणजे एकांतातली साधना, केलं. जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या पद्धतीचं. त्याआधी काही वर्षं तिच्याबरोबर विरार लोकलमध्ये रोझरी, म्हणजे कॅथलिकांची मण्यांवर मोजत म्हणायची प्रार्थना, ऐकत होते, मधूनमधून म्हणतही होते. एवढंच.

पौर्वात्य आणि पाश्चात्त्य साधनेत मूळ फरक कोणता?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर बहुतेक वेळा आधीच पाठ असतं: आपण आत बघतो, ते वर बघतात, आपलं ध्यान, त्यांची प्रार्थना. मलाही असंच वाटायचं.

मग ख्रिस्ती लोकांच्या ‘येशूच्या प्रार्थने’बद्दल कळलं. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ हे एकच वाक्य, श्वासाच्या लयीत, दिवसभर, शेकडो वेळा. हातात लोकरीची गाठी मारलेली दोरी, बहुधा शंभर गाठींची. ग्रीसमधल्या ॲथॉस पर्वतावरचे साधू शतकानुशतकं हे करत आलेत. डोकं खाली, हनुवटी छातीशी, लक्ष हृदयापाशी. चौदाव्या शतकात यावरून एवढा वाद पेटला की कॉन्स्टँटिनोपलला धर्मसभा भरवाव्या लागल्या, आणि ग्रेगरी पालामास नावाच्या साधूने या पद्धतीची बाजू लावून धरली. हे साधू आधी ते वाक्य ओठांनी म्हणतात, नंतर ओठ थांबतात, आणि वाक्य आतल्या आत आपोआप चालू राहतं असं त्यांचं सांगणं. माझ्या आजीला हे ऐकवलं असतं तर ती म्हणाली असती, ‘मग आम्ही वेगळं काय करतो?’

आता याला पाश्चात्त्य म्हणायचं का? हे लोक ज्या चर्चचे, तेच स्वतःला पूर्वेकडचं चर्च म्हणवतं. या परंपरेची मुळं इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंपर्यंत जातात. आणि ज्याचं नाव घ्यायचं तो येशू पॅलेस्टाइनचा, म्हणजे आशियातला. नकाशावर रेघ मारायला गेलं की पेन्सिल अशी घसरते.

उलट विपश्यनेच्या शिबिरात गेलात तर पहिल्याच दिवशी सांगतात की दहा दिवस जप, माळ, पूजा, स्तोत्र सगळं बंद. नियमावलीतच तसं आहे. म्हणजे आजीची तुळशीची माळ आणि ॲथॉसच्या साधूची गाठींची दोरी, दोन्ही दाराबाहेर ठेवायच्या. भारतातून ब्रह्मदेशात गेलेली आणि सत्यनारायण गोयंकांनी १९६९ साली परत आणलेली ही विद्या. तिला पौर्वात्य म्हणायला कुणाची हरकत नाही. पण आजीच्या दृष्टीने ती रोझरीपेक्षा जास्त परकी.

म्हणून मी रेघ दुसरीकडे मारते. साधना करताना समोर कुणी ‘तू’ आहे की नाही? हरिपाठात आहे. रोझरीत आहे. इग्नेशियसकडे तर तो तू इतका जवळ आहे की बसायला पाट द्यावा. विपश्यनेत नाही, तिथे फक्त संवेदना आहेत आणि त्या बघणं आहे. पूर्व-पश्चिमेपेक्षा हा फरक मला अंगावर जास्त जाणवला.

जपमाळ आणि रोझरी म्हणजे एकच का?

हात तेच करतो, एवढं खरं. आपल्या माळेत १०८ मणी आणि वर मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. रोझरीत ५९ मणी आणि एक क्रूस. दहा-दहाचे पाच गट. प्रत्येक गटाच्या आधी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, मग दहा वेळा मरियेला नमस्कार. पण प्रत्येक गटाबरोबर येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा असतो. जन्म, मंदिरात हरवणं, काट्यांचा मुकुट, असा. ओठ नाम घेतात आणि मन गोष्ट बघतं. आपल्या जपात मन नामावरच ठेवा असं सांगतात. कीर्तनात मात्र गोष्ट येते. म्हणून मला रोझरी ही जप आणि कीर्तन यांच्यामधली काहीतरी वाटते.

लोकलमध्ये मैत्रिणीच्या बोटात दहा बारीक उंचवटे असलेली अंगठी असायची. अंगठ्याने एकेक उंचवटा सरकवत ती बोरिवली येईपर्यंत दोन गट उरकायची. समोरच्या बाकावर एक मावशी बोटात आकडे मोजायचं ते चिनी यंत्र घालून स्वामी समर्थांचा जप करायच्या. त्याची टिकटिक. दोघी एकमेकींच्या हाताकडे बघायच्या, बोलायच्या कधी नाहीत. एकदा मावशींच्या यंत्राची बॅटरी गेली, तर त्यांनी मैत्रिणीला विचारलं, ‘तुमचं हे कुठं मिळतं?’

दोन्हीकडे मौनच ना? मग विपश्यनेत आणि रिट्रीटमध्ये असा काय फरक?

मौन आहे, पण मौनाच्या आत जे चालतं ते जवळजवळ उलटं आहे.

विपश्यनेचा दिवस पहाटे चार वाजता घंटेने सुरू होतो. दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणं. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकाखालच्या इवल्याशा जागेवर श्वासाचा स्पर्श बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना देतात: डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं, जिथे जी संवेदना असेल ती जाणायची, आवडली तरी चिकटायचं नाही आणि नावडली तरी ढकलायचं नाही. मग अधिष्ठान, म्हणजे तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. माझा उजवा गुडघा चाळीस मिनिटांनी पेटायचा. पाचव्या दिवशी कधीतरी त्या दुखण्याचे तुकडे दिसले: थोडी धग, थोडं ठणकणं, थोडा दाब. आणि ‘माझा गुडघा’ नावाची भीती त्या तुकड्यांमध्ये कुठेच नव्हती. हा अनुभव मला कुठल्याही प्रवचनाने दिला नसता. यासाठी मी कायम ऋणी आहे.

पण दहा दिवसांत मला कुणीही एकदाही विचारलं नाही की बाई, तुला काय हवंय. विचारणारही नव्हतं, कारण ते हवंसं वाटणं हेच दुःखाचं मूळ, आणि तेच तर सोडवायला बसलोय.

सहा वर्षांनी रिट्रीटला पहिल्या संध्याकाळी फादरांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग दिला. यरीहो गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बसलेला आंधळा भिकारी, बार्तीमय. येशू जातोय असं कळताच तो ओरडायला लागतो, माझ्यावर दया कर. लोक गप्प करतात तर आणखी ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? फादर म्हणाले, नुसतं वाचू नका. त्या रस्त्यावर जाऊन बसा. धूळ बघा, ऊन बघा, आणि तो प्रश्न तुम्हाला विचारलाय असं समजा.

मला रस्ता दिसला तो लोणंदचा. पालखी पुढे गेल्यावर उरतो तसा: चपला, केळीची सालं, पत्रावळी. तिथे मी बसले आणि प्रश्न आला. दोन दिवस मला उत्तर देता आलं नाही. तोंडावर येत होती ती सगळी शोभेची उत्तरं होती: शांती, समाधान, मुलांचं भलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची ताटली विसळताना खरं उत्तर आलं. ते इथे लिहीत नाही. ताटली मात्र बराच वेळ नळाखाली धरलेली होती.

इग्नेशियसच्या पद्धतीत प्रत्येक प्रार्थनेच्या सुरुवातीला ‘मला जे हवंय ते मागणं’ ही ठरलेली पायरी आहे. इच्छा मारायची नाही, तिच्या तळाशी जायचं. विपश्यनेत इच्छा उठते, तिची अंगावरची खूण बघायची, आणि ती विरते. दोन्ही मार्ग इच्छेशीच झुंजतात, पण एक तिला प्रश्न विचारतो आणि दुसरा तिला नुसतं बघतो. वारकरी यात कुठे? माझ्या मते बार्तीमयच्या शेजारी. आमचे संत देवाकडे मागतात, रुसतात, भांडतात, वाट बघतात. मोक्ष नको, पुन्हा जन्माला घाल पण तुझा विसर पडू देऊ नको, असं मागणारे तुकोबा काही तृष्णा सोडून बसलेले नाहीत. त्यांची एकच तृष्णा उरलीय.

ध्यानाला बसलं की कंटाळा येतो, झोप येते. माझंच काही चुकतंय का?

नाही. हा सगळ्यांचा जुना पाहुणा आहे. बौद्ध परंपरेत पाच नीवरणं, म्हणजे ध्यानातले अडथळे, सांगितली आहेत, त्यांतलं एक थीनमिद्ध, म्हणजे ही मरगळ आणि पेंग. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला एव्हाग्रियस नावाचा ख्रिस्ती साधू, इसवी सन ३९९ मध्ये वारला, त्याने साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, मरगळ, मिरवण्याची हौस आणि गर्व. आपले षड्रिपू शेजारी ठेवून बघा, निम्मी मंडळी ओळखीची निघतात. मत्सर त्याच्या यादीत नाही. खिन्नता आणि मरगळ आपल्या यादीत नाहीत, आणि मला वाटतं ही आपल्याकडची उणीव आहे.

मरगळीला तो ‘दुपारचा सैतान’ म्हणतो आणि तिचं वर्णन असं करतो: साधूला दिवस पन्नास तासांचा वाटायला लागतो. तो सारखा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येऊन सूर्य किती वर आलाय ते पाहतो, जेवणाच्या वेळेला किती उरलंय याचा हिशोब करतो, शेजारच्या साधूंपैकी कुणी येतंय का म्हणून वाट बघतो. मग वाटायला लागतं की ही जागाच बरोबर नाही, दुसरीकडे कुठेतरी साधना जास्त चांगली होईल.

हे वाचलं तेव्हा मला मोठ्याने हसू आलं. विपश्यनेच्या सहाव्या दिवशी दुपारी अडीच वाजता मी खोलीत बॅग भरून पलंगावर बसले होते. कारणं तयार होती: गुडघा, सासूबाईंची तब्येत, आणि आपला मार्ग भक्तीचा, आपण इथे काय करतोय. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पाचच्या चहा-फळांना किती वेळ आहे तेही मोजलं. बॅग पुन्हा उघडली ती निव्वळ लाजेने, कारण दाराशी सेविका उभी होती आणि तिच्याशी बोलायला लागलं असतं.

पुढे इग्नेशियसचा एक नियम कळला: मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. निर्णय वाईट असेलही, पण तो मन ताळ्यावर आल्यावर बदला. हा नियम मी साधनेपेक्षा घरात जास्त वापरलाय.

हा इग्नेशियस कोण?

स्पेनमधल्या बास्क भागातला सैनिक. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्‌महिने घरी पडून राहावं लागलं. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या तर घरात मिळालं येशूचं चरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या तो दिवास्वप्नं बघायचा. कधी एखाद्या राजघराण्यातल्या बाईसाठी पराक्रम करण्याची, कधी संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. बघताना दोन्हींत मजा यायची. पण पहिलं स्वप्न संपल्यावर मन कोरडं व्हायचं, दुसरं संपल्यावर प्रसन्न राहायचं. हा फरक त्याच्या ध्यानात आला आणि पुढची सगळी पद्धत त्यातून निघाली. मानरेसा गावी त्याने टिपणं काढली. त्यांना १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. पूर्ण साधना तीस दिवसांची, आठ दिवसांची ही तिची धाकटी बहीण. ज्याच्या शवदर्शनाला जुन्या गोव्यात रांगा लागतात तो फ्रान्सिस झेवियर याच इग्नेशियसचा पहिल्या फळीतला सोबती, १५४२ साली गोव्यात उतरलेला.

रोज घरी करता येईल असं त्यातलं काय आहे?

एक्झामेन. मी त्याला दिवसाचा झाडा म्हणते. बँकेत संध्याकाळी कॅश टॅली करायचो तसा, पण रुपये न मोजता.

झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी दिवसात मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार. मग नीट दिसू दे असं मागणं. मग सकाळपासून दिवस परत चालत यायचं: दूधवाला, रिक्षा, जाऊबाईंचा फोन. कुठे मन मोकळं झालं, कुठे आकसलं? चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याचा एखादा प्रसंग आधीच समोर धरायचा. बस. मूळ पद्धतीत दुपारी आणि रात्री असं दोनदा करतात; मला दुपारी कधी जमलेलं नाही.

सुरुवातीला लोक याची पापांची वही करून टाकतात. मीही केली. फादरांनी तेव्हा एवढंच विचारलं, ‘आणि आज आनंद कधी झाला?’ मला आठवेना. आठवायला शिकण्यात तीन महिने गेले.

गुरू लागतो का?

तिन्ही ठिकाणी याचं उत्तर निराळं. वारीत माळ घालायला कुणी महाराज किंवा जुना वारकरी लागतो, पण नाम घ्यायला परवाना लागत नाही. विपश्यनेत सूचना आणि संध्याकाळचं प्रवचन गोयंकाजींच्याच आवाजात असतं, २०१३ साली ते गेल्यावरसुद्धा. समोर बसलेले सहायक आचार्य शंकांना थोडक्यात उत्तरं देतात. रिट्रीटमध्ये रोज अर्धा-पाऊण तास एका माणसाशी बोलायचं असतं, पण त्याने तुम्हाला इकडे-तिकडे ढकलायचं नाही, तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहायचं, असं इग्नेशियसनेच लिहून ठेवलंय. मला हे फार आवडलं. आपल्याकडे काटा सोडून पारड्यातच बसणारे गुरू भरपूर बघितलेत.

तुम्ही हिंदू. त्यांच्या रिट्रीटला घेतलं कसं? धर्म बदलायला सांगितलं का?

नाही सांगितलं. आठ दिवसांत एकदाही नाही. मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या सामुदायिक उपासनेच्या वेळी मी मागच्या बाकावर बसायचे. प्रसाद घ्यायला पुढे जायचं नसतं, ते फक्त त्यांच्यासाठी, हे आधी समजावून सांगितलं होतं.

चर्चमध्येही याबद्दल एकमत आहे असं समजू नका. १९६५ च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही असं म्हटलंय. व्हॅटिकनच्याच १९८९ च्या पत्रात मात्र योग आणि झेनसारख्या पद्धती प्रार्थनेत मिसळण्याबद्दल सावध केलंय. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डी’मेलो यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्याला साधना संस्था चालवली. श्वास, शरीराच्या संवेदना, आपल्याकडच्या गोष्टी हे सगळं त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेला जोडलं. ते १९८७ मध्ये गेले आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणातल्या काही मतांबद्दल इशारा काढला. मुद्दा बहुतेक तोच होता: या पद्धतीत समोरचा ‘तू’ पुसट होत जातो का?

इकडेही काही गोडीगुलाबी नव्हती. मी रिट्रीटला गेले हे कळल्यावर एका नातेवाइकांनी वर्षभर माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. आता घेतात.

हे सगळं मराठीत करता येतं का?

हरिपाठाचा प्रश्नच नाही. विपश्यनेत गोयंकाजी हिंदीत बोलतात, पालीत पठण असतं, आणि महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मराठीची अडचण येत नाही. इगतपुरीचं धम्मगिरी तर १९७६ पासून चालू आहे. रिट्रीट बहुतेक इंग्रजीत होतात, पण फादर मराठी असले तर बोलणं मराठीत होतं. माझं झालं.

मराठी ख्रिस्ती साधनेला परंपरा नाही असं मात्र म्हणू नका. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये छापून निघालं. बायबलची कथा, पण चाल ज्ञानेश्वरीच्या घरातली. तीनशे वर्षांनी ना. वा. टिळकांनी भजनं लिहिली, कीर्तनं केली आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगितलं. वसईच्या घराघरात संध्याकाळी गुडघे टेकून रोझरी होते, तेव्हा जी चाल लागते ती मला आमच्या ओसरीवरच्या हरिपाठापासून फार लांबची वाटत नाही. तीच थोडी नाकातली, थोडी घाईतली, शेवटच्या शब्दावर टेकणारी.

माइंडफुलनेसचं ॲप पुरेल का?

ताण कमी व्हायला उपयोग होतो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी जो काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला, त्यातून हे सगळं फोफावलं. बौद्ध ध्यानातलं लक्ष देणं उचललं आणि धर्म बाजूला ठेवला, हे त्यांनी जाणूनबुजून केलं, रुग्णांसाठी. त्यात काही वाईट नाही. पण विपश्यनेच्या शिबिरात श्वास हातात घेण्याआधी पंचशील घ्यावं लागतं, ते ॲप मागत नाही. आणि रात्री अकराला ‘तुमची साखळी तुटतेय’ असा संदेश पाठवणाऱ्या वस्तूकडून अनासक्ती शिकणं मला तरी जमेना.

दोन-तीन साधना एकत्र केल्या तर चालतं?

आयुष्यात चालतं, एका बैठकीत नाही. मी हे करून पाहिलंय. नाम घेता घेता संवेदना बघायला गेले की नाम यांत्रिक होतं आणि संवेदना पुसट. अर्धवट शिजलेल्या दोन भाज्या एका कढईत. विपश्यनेवाले तर स्पष्टच सांगतात, भेसळ करू नका, एक धरा. सुरुवातीला मला हा आडमुठेपणा वाटला होता. आता वाटत नाही. निदान एक वर्षभर एकच करा, मग शेजारच्या घरात डोकवा.

कुणी हे टाळावं?

गंभीर नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर असा आजार असेल किंवा नुकताच मोठा आघात झाला असेल तर लांब मौनाच्या शिबिरात थेट जाऊ नका. दिवसाचे दहा तास स्वतःच्या मनाबरोबर कोंडून घेणं सगळ्यांना झेपत नाही, आणि त्रास वाढू शकतो. विपश्यनेच्या अर्जात मानसिक आजारांबद्दल विचारतात ते याचसाठी. तिथे खरं लिहा. आधी डॉक्टरांशी बोला आणि गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका.

खर्च किती?

वारीला पायांचा. विपश्यनेला फी नाही. दहा दिवस पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं, त्याआधी घेतच नाहीत. रिट्रीटला राहण्या-जेवण्याचे पैसे असतात, ते जागेनुसार. आधी फोन करून विचारा.

मग आता तुम्ही रोज काय करता?

सकाळी वीस मिनिटं आनापान, कारण उठल्या उठल्या माझं डोकं भाजीबाजारासारखं असतं आणि त्या वेळी कुणाशी बोलणं शक्य नसतं, देवाशीसुद्धा. संवेदना बघणं रोज होत नाही; दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आणि एमआरआयच्या बोगद्यात मात्र तेच कामाला आलं. रात्री हरिपाठ, पूर्ण नाही, चार-पाच अभंग. त्यानंतर दिवसाचा झाडा.

झाडा घेताना समोर कोण असतो हे मैत्रीण एकदा विचारत होती. येशू की विठोबा? मी खरं ते सांगितलं: डोळे मिटल्यावर मला चेहरा दिसत नाही, आजीचा आवाज ऐकू येतो. दिवा लावून झाल्यावर ती विचारायची तसा, ‘काय गं, आज काय झालं?’